घाटाची मोरी

श्रोतेहो, सुरूर-वाई-महाबळेश्वर-पोलादपूर या राज्यमार्गाची हकिगत सांगायला मला बोलावलंय, आणि वेळ दिलाय मोजून चार मिनिटं. तेव्हा सुरूरचे वड आणि पाचगणी यांना लांबूनच रामराम करून थेट आंबेनळी घाटात उतरतो. कारण मला बोलायचंय मोरीबद्दल.

मोरी म्हणजे डोंगराकडचं पाणी रस्त्याखालून दरीत सोडणारी वाट. स्वयंपाकघरातली नव्हे. पण खरं सांगू? तीच म्हणा! मोरीच्या तोंडाशी भाताची शितं, चहाचा चोथा, नारळाची शेंडी अडकली की पाणी फरशीवर येतं, तिथून पिठाच्या डब्याखाली शिरतं. तेव्हा आपण फरशी बदलतो का? आधी काडी घालून मोरी मोकळी करतो. घाटात मात्र आपण दरवर्षी फरशीच बदलतो. डांबरावर डांबर.

हा घाटरस्ता इंग्रजांनी १८७६ च्या सुमारास केला. त्याला नाव दिलं मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचं, लोकांनी मात्र ते आंबेनळीच ठेवलं. त्याआधी वाहतूक पार घाटाने. महाड बंदरातलं मीठ बैलांच्या पाठीवरून वर यायचं. आता गंमत पाहा. कृष्णा आणि सावित्री, दोघींचं माहेर महाबळेश्वर. एक वाईवरून पूर्वेच्या समुद्राला गेली, दुसरी पोलादपूरवरून पश्चिमेच्या. आपला रस्ता या दोघींच्या मधून जातो. म्हणजे पाण्याच्या घरातूनच! वर जांभा, तो पाणी पितो. खाली काळा कातळ, तो पीत नाही. मग ते पाणी मधूनच कुठूनतरी बाहेर पडतं, डोंगराच्या कुशीतून. गटारात उतरतं, गटारातून मोरीत. मोरी तुंबलेली असली की ते रस्ता ओलांडतं, आणि दरीकडची कड खालून पोखरतं. वरून डांबर काळंभोर, खाली पोकळ!

२०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, घाट ठिकठिकाणी तुटला, कित्येक आठवडे बंद राहिला. त्या पावसापुढं कुठलीच मोरी पुरली नसती, हे मला मान्य आहे. मी बोलतोय ते रोजच्या पावसाबद्दल. पुन्हा सांगतो, रोजच्या.

पूर्वी रस्त्याची निगा राखायला मैलकुली असे. डोक्यावर इरलं, खांद्यावर फावडं. सगळे निजल्यावर मोरीत हात घालून बघणारी घरातली म्हातारी असते ना, तसा तो. मृगाआधी गटारातला पाला काढायचा, पहिल्या सरीनंतर पुन्हा फेरी मारायची. कुठल्या मोरीत किती माती येते ते त्याला तोंडपाठ. आता यंत्र येतं, वरवर खरवडतं आणि जातं. यंत्राला मोरीचं तोंड दिसत नाही हो, ते गवतात असतं.

आणि तुम्हीही, बरं का! प्रतापगड बघून येताना गरम कणीस खायचं, पाणी प्यायचं, आणि उरलेलं कणीस, बाटली, पिशवी खिडकीतून बाहेर. कुठं जातं ते? गटारात. गटारातून? बोला की! घरच्या मोरीत टाकाल का बाटली?

एक पूल सांगायचा राहिला. प्रतापगडाच्या पायथ्याला, पार गावात, कोयनेवरचा शिवकाळातला दगडी पूल. पाण्याला कमानींतून ऐसपैस वाट ठेवलेली, म्हणून तो अजून उभा आहे आणि अजून वापरात आहे. त्याच्या बांधणीत एक अशी खुबी... स्टुडिओच्या काचेपलीकडून बाई घड्याळाकडे बोट दाखवताहेत. एकच मिनिट, बाई. नाही? बरं. जूनच्या आत त्या गटारांचं तेवढं बघा.