मतदारयादींतील नांव

महाड तालुक्यांतील तुडीलसारख्या गांवीं आज निवडणुकीच्या दिवशीं बायामाणसें घरचें काम आटोपून केंद्रावर जातात, बोटाला शाई लावून घेतात आणि परत कामाला लागतात. यांत कोणास कांहीं विशेष वाटत नाहीं. परंतु त्यांच्या आज्यांना व पणज्यांना हा दिवस ठाऊक नव्हता, आणि तो कोणी सहजासहजीं आणून दिलेला नाहीं.

१९१७ सालीं सरोजिनी नायडू यांच्या पुढारपणाखालीं स्त्रियांचें एक शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांस भेटलें व पुरुषांच्या बरोबरीनें मताचा हक्क मागितला. साउथबरो समितीनें ती मागणी मानली नाहीं. १९१९ च्या कायद्यानें हा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोंपविला आणि १९२१ सालीं मद्रासमागोमाग मुंबईनेंही स्त्रियांवरील मनाई उठविली. मनाई उठली खरी, पण मत मिळे तें मालमत्तेला. शेत नवऱ्याच्या नांवें, घर सासऱ्याच्या नांवें. मग बाईच्या नांवें मत कोठून येणार? १९३५ च्या कायद्यानें साक्षर स्त्रियांना आणि ठराविक मिळकतदारांच्या पत्नींना मत दिलें. म्हणजे मत स्त्रीचें, पण पात्रता पुष्कळदां नवऱ्याची. सरसकट सर्व प्रौढ स्त्रियांना हक्क मिळाला तो १९५० च्या राज्यघटनेनें.

तेवढ्यानेंही काम भागलें नाहीं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं याद्या तयार होऊं लागल्या तेव्हां अनेक स्त्रियांनीं स्वतःचें नांव सांगितलेंच नाहीं. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढीच ओळख. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं असल्या नोंदी चालणार नाहींत असें ठरविलें आणि सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गळालीं. हा प्रकार मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत घडला, हें खरें. पण महाराष्ट्रानें त्यावरून फार ऐट मिरवूं नये. येथें उखाण्यांत नवऱ्याचें नांव घेतांना सारें घर कौतुकानें गोळा होई. त्याच मांडवांत मुलीचें स्वतःचें नांव तांदुळांत बोटानें पुसून नवें लिहिलें जाई, तेव्हां कोणी हळहळल्याचें ऐकिवांत नाहीं.

महाडचें नांव या कथेंत आदरानें घ्यावें लागतें. २० मार्च १९२७ रोजीं चवदार तळ्याचें पाणी प्याल्यानंतर त्याच वर्षीं डिसेंबरांत तेथें पुन्हां परिषद भरली, २५ तारखेस मनुस्मृतीचें दहन झालें, आणि परिषदेनंतर डॉ. आंबेडकरांनीं जमलेल्या स्त्रियांना उद्देशून भाषण केलें. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला वा मुलाला जेवूं घालूं नका, मुलींनाही मुलांप्रमाणेंच शिकवा, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. ऐकणाऱ्या बहुतेक स्त्रियांना त्या वेळीं मत नव्हतें. तरी सार्वजनिक प्रश्न तुमचा आहे, असें त्यांना समोर बसवून सांगितलें गेलें. पुढें २० जुलै १९४२ रोजीं नागपुरास सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालीं दलित स्त्रियांची परिषद भरली. तिनें कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत स्त्रियांना जागा मागितल्या. ही मागणी त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें १९९३ पासून पंचायतींत एकतृतीयांशापर्यंत, आणि महाराष्ट्रांत २०११ पासून निम्म्यापर्यंत मान्य झाली. सरपंचबाईंच्या खुर्चीवर सरपंचपतींनीं बसावें हा प्रकार अजून सर्वस्वी गेलेला नाहीं. ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यांत आहे, ती कागदावरच उरकणारीं गांवेंही आहेत.

पण एका बाबतींत स्त्रीच्या मताचें वजन अगदीं उघड्या डोळ्यांनीं दिसतें. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गांवांतील निदान एकचतुर्थांश स्त्री-मतदारांनीं मागणी केल्यास दारूच्या दुकानाविषयीं गुप्त मतदान घेतां येतें. उभी बाटली म्हणजे दुकान राहूं द्यावें, आडवी बाटली म्हणजे बंद करावें. महाडच्या त्या भाषणांतील गोष्ट ऐंशी वर्षांनीं मतपत्रिकेवर आली असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

यांत एक मेख आहे. दुकान बंद होण्यास आलेल्या मतांपैकीं नव्हे, तर यादींतील एकूण स्त्री-मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक मतें आडव्या बाटलीस पडावीं लागतात. यादींत सहाशें स्त्रिया असल्या तर तीनशें एक मतें हवींत. अडीचशें येऊन सगळ्यांनीं आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरी दुकान उघडेंच राहतें. महाड-पोलादपुराकडचीं कुटुंबेंच्या कुटुंबें पोटासाठीं मुंबईस जातात आणि पुष्कळांचीं नांवें गांवच्या यादींत तशींच राहतात. लग्न होऊन गेलेल्या लेकीचें नांव माहेरीं, मेलेल्या आजीचें नांव यादींत, आणि नव्यानें आलेल्या सुनेचें नांव कोठेंच नाहीं. जी बाई आली नाहीं तिची गणना आपोआप उभ्या बाटलीकडे होते, मग तिच्या मनांत कांहींही असो.

म्हणून ज्या गांवच्या स्त्रियांना असें मतदान मागावयाचें असेल त्यांनीं सह्या गोळा करण्यापूर्वीं यादी हातीं घेऊन घरोघर फिरावें. प्रथमच नांव घालण्यास नमुना ६, मयत व्यक्तीचें नांव काढण्यास नमुना ७ आणि राहण्याचें ठिकाण बदललें असल्यास नमुना ८ भरावा लागतो. मुंबईंत स्थायिक झालेल्या भगिनींनीं आपलें नांव तिकडे हलवावें. ज्यांचें नांव गांवींच ठेवण्याजोगें असेल त्यांनीं मतदानाच्या दिवसाची आगाऊ चौकशी करून त्या दिवशींची एस्. टी. गांठावी.