चाकांवरचे घर आणि पाण्यात विरणारा कागद

काही विषय असे असतात की त्यांची गरज प्रत्येक माणसाला रोज पडते, आणि तरीही चारचौघांत त्यांचा उच्चार करणे असभ्यपणाचे समजले जाते. शौचकूप हा त्यांपैकी एक. घरात तो असावा, स्वच्छ असावा, पण त्याविषयी बोलू नये, असा जणू अलिखित नियमच आहे. या संकोचाची किंमत मात्र कोणाला तरी मोजावी लागते. ती बहुधा बोलण्याचे टाळणारा मोजत नाही. तुंबलेली नळी मोकळी करण्यासाठी ज्याला बोलावले जाते तो मोजतो.

गोव्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये पेडणे तालुका वसला आहे. त्याच्या पश्चिमेला केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी अशी किनाऱ्यावरची गावे ओळीने लागतात. १९६० आणि १९७० च्या दशकांत युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर अशी मजल दरमजल करीत तरुण प्रवाशांच्या गाड्या हिंदुस्थानात उतरत आणि त्यांतल्या कित्येक गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन विसावत. १९७९ साली इराणातील क्रांती आणि अफगाणिस्तानातील युद्ध यांमुळे तो खुष्कीचा मार्ग जवळजवळ बंद पडला. पण गाडीतच संसार थाटून हिंडण्याची हौस काही मावळली नाही. हिवाळ्यात हरमलच्या आसपास माडांच्या सावलीत अशी फिरती घरे आजही उभी दिसतात. आता तर देशातल्या देशातही हा प्रकार रुजू लागला आहे. केंद्र सरकारने २०१० साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये आपापली धोरणे जाहीर केली. मुंबई-पुण्याची कुटुंबे भाड्याची कॅराव्हॅन घेऊन कोकणातून गोव्यात उतरतात, तेव्हा त्यांच्याबरोबर स्वयंपाकघर येते, बिछाने येतात आणि शौचकूपही येतो.

या शौचकूपाची रचना घरच्यापेक्षा निराळी असते. घरच्या भांड्यातून चार-पाच लिटर पाण्याचा लोट मैला वाहून नेतो. गाडीत पाण्याला काटकसर असते. भांड्याच्या तळाशी एक झडप असते. ती उघडली की मैला सरळ खालच्या बंद टाकीत पडतो. लहान गाड्यांत ही टाकी उचलून नेता येईल अशी, सुमारे वीस लिटरांची असते. मोठ्या गाड्यांत ती याच्या कित्येक पट मोठी असून जमिनीकडच्या बाजूला कायम बसवलेली असते. ती रिकामी करण्याची नळी जेमतेम तीन इंच व्यासाची. म्हणजे वरून काय टाकले गेले, याचा हिशेब शेवटी त्या तीन इंचांत द्यावा लागतो.

तेथे सर्वांत जास्त अडथळा करणारी वस्तू म्हणजे कागद. कागद हा वनस्पतींच्या तंतूंचा थर होय. ओला लगदा वाळतो तेव्हा हे तंतू एकमेकांना घट्ट धरून बसतात. पुन्हा पाणी लागले की ही पकड सैल होते. तंतू आखूड असले, थर पातळ असला आणि कागदात दुसरे काही मिसळलेले नसले, तर तो पाण्यात थोडक्या वेळात विस्कटून जातो. चांगल्या शौचकागदाचा गुण नेमका हाच. इतर प्रत्येक वस्तू ग्राहक टिकाऊ आहे की नाही हे पाहून घेतो. ही एकच वस्तू अशी आहे की ती जितकी लवकर नाहीशी होईल तितकी चांगली.

तोंड पुसण्याचा टिश्यू, उपाहारगृहातला नॅपकिन आणि स्वयंपाकघरातला कागदी रुमाल दिसायला शौचकागदाचेच भाऊबंद; पण त्यांचा धर्म उलटा. ओले झाले तरी ते फाटू नयेत म्हणून त्यांच्या लगद्यात एक राळेसारखे द्रव्य मिसळतात. ते तंतूंना पाण्यातही बांधून ठेवते. अशा कागदाचा बोळा टाकीत पडला की दिवसचे दिवस तसाच राहतो. ओले सुगंधी रुमाल, ज्यांना वेट वाइप्स म्हणतात, ते तर याहून कठीण. त्यांतल्या पुष्कळांत कृत्रिम धागा असतो. तो कुजतच नाही. वेष्टनावर ते शौचकूपात टाकण्यास योग्य असल्याचे छापलेले असते. शौचकूपातून ते खाली जातात हे खरेच आहे. पुढे त्यांचे काय होते, याविषयी वेष्टन मौन पाळते. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात चरबी आणि अशाच रुमालांचा एक गोळा सापडला. त्याची लांबी सुमारे २५० मीटर आणि वजन सुमारे १३० टन होते. महानगराच्या गटाराची ही गत, तर तीन इंची नळीची काय कथा!

बाजारात कागद निवडताना नावावर किंवा किमतीवर भिस्त ठेवण्याचे कारण नाही. जाड, दोन-तीन पदरी, नक्षीदार आणि सुवासिक कागद हाताला सुखावतो, पण टाकीला जड जातो. पातळ, एकपदरी, बिनवासाचा साधा कागद बहुधा अधिक उपयोगी ठरतो. पुन्हा वापरलेल्या रद्दीपासून केलेल्या कागदाचे तंतू आखूड असल्यामुळे तोही चांगला विरतो. गाड्यांसाठी म्हणून वेगळा, महागडा कागद विकत मिळतो. तो वाईट नसतो, पण अनिवार्यही नसतो. निवाडा करण्याचे साधन प्रत्येक घरात आहे. रुंद तोंडाची एक काचेची बरणी घ्यावी, ती अर्धी पाण्याने भरावी, कागदाचा एक तुकडा आत सोडावा, झाकण लावून दहा-पंधरा वेळा हलवावी आणि दोन मिनिटे थांबावे. कागदाचे धुके होऊन पाणी दुधाळ दिसू लागले तर तो कागद टाकीला चालेल. तुकडा अखंड राहिला किंवा त्याच्या चिंध्या पाण्यात तरंगू लागल्या, तर तो न चालणारा. शेजारच्या बरणीत नॅपकिनचा तुकडा टाकून पाहिला म्हणजे फरक लहान मुलालाही कळतो.

कागद योग्य निवडला तरी पाण्याची कंजुषी केल्यास व्यर्थ. प्रवासाच्या आरंभी टाकीच्या तळाशी काही लिटर पाणी सोडून ठेवावे. बाहेरची झडप टाकी बरीचशी भरेपर्यंत मिटलेली असावी. ती उघडीच ठेवली तर द्रव वाहून जातो, घट्ट भाग मागे राहतो आणि भांड्याखाली त्याचा असा ढीग वाळतो की तो काठीनेही हलत नाही. वास दबावा म्हणून घालायच्या औषधांतही विवेक हवा. फॉर्मलडिहाइडसारखी तीव्र औषधे जंतू मारतात. पण सेप्टिक टँक नावाची जी व्यवस्था आहे ती जंतूंच्याच जिवावर चालते. गाडीची औषधी टाकी गावातल्या सेप्टिक टँकमध्ये रिती केली, की तिथले राबणारे जंतूही त्या औषधाचे बळी ठरतात. म्हणून जंतूंना न मारणारी, मैल्याचे विघटन होऊ देणारी औषधे वापरणे श्रेयस्कर.

गाडीची टाकी केव्हा तरी, कुठे तरी रिती करावीच लागते, आणि हा प्रश्न पेडण्यापुरताच राहत नाही. भूमिगत मलवाहिन्या पणजी, मडगाव, वास्को यांसारख्या शहरांत आहेत. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतल्या बहुतेक गावांत मात्र घराचा मैला घराच्याच आवारात मुरतो. तिथली जमीन जांभ्या दगडाची. हा दगड छिद्रांनी आणि भेगांनी भरलेला; पाणी त्यातून गाळून निघण्यापेक्षा वाट काढून निघते. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात आषाढात विहिरीचे पाणी हाताला लागेल इतके वर येते, आणि त्याच वेळी शोषखड्डाही काठोकाठ भरलेला असतो. दोघांमध्ये काय अंतर आहे आणि उतार कोणत्या बाजूला आहे, यावर त्या घराचे आरोग्य अवलंबून असते. डिचोलीकडे तर खनिजाच्या खाणींनी डोंगर उकरले गेले आहेत. तिथल्या कुळागरांचे झरे आणि साखळीजवळून वाहणारी वाळवंटी यांना आणखी एक ओझे परवडणारे नाही. रात्रीच्या अंधारात ओढ्याकाठी टाकी सोडून देणारा प्रवासी सकाळी पुढच्या गावी गेलेला असतो. ओढा मात्र तिथेच राहतो, आणि त्याच्या खालच्या अंगाला कोणाचे तरी पाणवठे असतात.

आणि सेप्टिक टँक तुंबला म्हणजे? न विरलेला कागद वर साय धरतो, चिंध्या नळीच्या तोंडाशी अडकतात, मैला उलटा चढतो. मग माणूस शोधला जातो. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू साचलेले असतात आणि प्राणवायू नसतो. अशा टाकीत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला वाचवायला उतरलेला दुसराही कोसळतो, अशा बातम्या देशात वारंवार येतात. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा २०१३ साली झाला. संरक्षक साधनांवाचून गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे त्या कायद्याने गुन्हा ठरले. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली. भरपाई वाढली ही गोष्ट चांगली. पण ती देण्याची वेळ अजून येते, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

तेरेखोलच्या पलीकडे, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, या प्रश्नाचा विचार फार पूर्वी एका माणसाने केला होता. अप्पासाहेब पटवर्धन यांना लोक कोकणचे गांधी म्हणत. १९३२ साली तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागून घेतले. ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्नत्याग आरंभला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींनीही उपवास सुरू केला. पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम स्थापन केला आणि मैल्याचे सोनखत करणाऱ्या संडासाचा प्रचार केला. कोणा एका जातीच्या माथी दुसऱ्याचा मैला मारला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. मैला मातीत मिळाला तर खत होतो, न कुजणारे त्यात मिसळले तर घाण होते. हा साधा भेद चाकांवरच्या घरालाही तितकाच लागू आहे.

त्याचा पडताळा कोकण रेल्वेच्या डब्यातही मिळतो. पेडण्याच्या स्थानकात थांबणाऱ्या गाड्यांखाली आता जैविक टाक्या आहेत. सियाचीनसारख्या अतिशीत ठाण्यांवरील सैनिकांसाठी संरक्षण संशोधन खात्याने जी जंतूंवर चालणारी पद्धत शोधली, तीच रेल्वेने स्वीकारली. ते जंतू मैला पचवतात. प्रवाशांनी टाकलेल्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या आणि कापडाचे तुकडे पचवत नाहीत. रेल्वेला डब्याडब्यांत सूचना लावाव्या लागतात त्या याच कारणाने.

वास्तविक या देशातल्या माणसाला कागदाचे फारसे अडत नाही. इ.स. ८५१ च्या सुमारास लिहिलेल्या एका अरबी प्रवासवृत्तात चिनी लोक पाण्याने धुण्याऐवजी कागदाने पुसतात, याची आश्चर्याने नोंद केली आहे. पश्चिमेत कारखान्यात तयार झालेला शौचकागद अमेरिकेत १८५७ साली विक्रीस आला. पाण्याचा तांब्या त्याहून कितीतरी जुना. गाडीतही लहानसा फवारा आणि थोडे पाणी यांवर शुद्धी होते, आणि तेच पाणी टाकीला उपकारक ठरते. अंग कोरडे करण्यापुरता कागदाचा तुकडा लागलाच, तर तो झाकणाच्या डब्यात टाकावा. ग्रीस आणि तुर्कस्तान या देशांत जुन्या, अरुंद नळ्यांमुळे हीच रीत पुष्कळ ठिकाणी पाळली जाते. तिच्यात कमीपणा कसलाच नाही.

म्हणून प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबाने सामानाच्या यादीत एक रिकामी बरणी लिहून ठेवावी. बरणीत जे विरते तेवढेच टाकीत जावे. जे विरत नाही ते डब्यात जावे. टाकी भरली की मैला उपसणाऱ्या टँकरवाल्याला बोलवावे किंवा जिथे मैल्यावर प्रक्रिया होते तिथे ती रिती करावी. ज्या गावाने सावली दिली आणि विहिरीचे पाणी दिले, त्याची विहीर स्वच्छ राहावी आणि त्यातल्या कोणा माणसाला आपल्यासाठी खड्ड्यात उतरावे लागू नये, इतकी काळजी घेणे हा पाहुण्याचा पहिला धर्म आहे.