इसार देण्याआधी घर बघा

बैल घ्यायचा तर शेतकरी आधी दात बघतो, चार पावलं चालवून बघतो, मगच कासरा हातात घेतो. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात काय किंवा शेजारच्या कुठल्या गावात काय, हाच शेतकरी जुनं घर घेताना मात्र ओट्यावर बसून भाव ठरवतो आणि इसार देऊन मोकळा होतो. घराची खरी पाहणी होते ती पहिल्या पावसात, छत गळायला लागल्यावर.

मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. विक्रीआधी त्यावर रंगाचा हात फिरवला की तो दिसत नाही. अशा वेळी सोबत जाणता गवंडी न्यावा. तो नाण्यानं गिलावा ठोकतो. बद्द, पोकळ आवाज आला की गिलाव्यानं भिंत सोडलेली असते.

आणि ही केवळ पैशाची बाब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो जीव गेले.

कायदा घेणाऱ्याला वाऱ्यावर सोडत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याचं कलम ५५ सांगतं, की करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर विकणाऱ्यानं स्वतःला माहीत असलेला आणि साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे. मागितली तर मालकीची कागदपत्रंही तपासायला दिली पाहिजेत. पण उघड्या डोळ्यांना दिसणारा तडा बघितलाच नाही, तर तक्रारीला फारसा आधार उरत नाही.

गावची मुलं पुण्यात किंवा संभाजीनगरात नवा फ्लॅट घेतात, तिथे २०१६ चा रेरा कायदा आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष कळवला, तर बिल्डरनं तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. गावातल्या जुन्या घराच्या खरेदीला हे कवच नाही.

तिथे कामाला येते इसारपावती. खरेदीखताआधी गवंडी किंवा इंजिनिअर आणून घर तपासता येईल, आणि लपवलेला दोष निघाला तर इसार परत मिळेल, एवढ्या दोन ओळी तीत लिहून घ्याव्यात, खाली दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.