मुनिमाच्या पाचशे खेपा

श्रोतेहो, नांदेडच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनच्या हंगामात आपण गेलाच असाल. समजा, शेटजींनी मुनिमाला सांगितलं, "आजच्या पाचशे पट्ट्यांची यादी करा आणि प्रत्येकीपुढं शेतकऱ्याचं गाव लिहा." जाणता मुनीम पट्ट्या आणि खातेवही शेजारी ठेवून एका बैठकीत काम उरकतो. नवशिका मात्र एक पट्टी उचलतो, आतल्या खोलीत जाऊन खातेवहीत गाव पाहतो, परत येतो. मग दुसरी पट्टी. पाचशे पट्ट्या, पाचशे खेपा!

वेबसाइटच्या मागं जो डेटाबेस असतो, तिथंही हेच घडतं. एडगर कॉड यांनी 1970 साली माहिती तक्त्यांत मांडण्याची रीत सांगितली. चेंबरलिन आणि बॉइस यांनी 1974 साली त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. पुढं हायबरनेट, जँगो यांसारखी साधनं आली. प्रोग्रामरनं 'पट्टीचा शेतकरी, शेतकऱ्याचं गाव' एवढं सांगावं. एसक्यूएल साधनच लिहितं.

ही सोय मोठी आहे, आणि तीत संरक्षणही आहे. हातानं प्रश्न लिहिणारा कधी घाईनं, ग्राहकानं भरलेला मजकूर जसाच्या तसा प्रश्नात चिकटवतो. मग एखादा लबाड नावाच्या रकान्यातून डेटाबेसला हुकूम सोडतो! साधन असा मजकूर सहसा आपोआप वेगळा ठेवतं. हातानं लिहितानाही तो वेगळा ठेवता येतो, पण ती आठवण आपण ठेवावी लागते.

मग बिघडतं कुठं? यादीसाठी एक प्रश्न आणि प्रत्येक गावासाठी एकेक, असे साधन गुपचूप पाचशे एक प्रश्न विचारतं. दहा पट्ट्यांवर तपासताना हे ध्यानातही येत नाही. ऐन हंगामात मात्र पान उघडता उघडत नाही, आणि पट्टीसाठी शेतकरी ताटकळत राहतो. एसक्यूएलमध्ये 'जॉइन' वापरून हेच एका प्रश्नात होतं. जँगोलाही 'सिलेक्ट रिलेटेड' असं सांगितलं की तो तसंच करतो. पण हे सांगायचं कुणाला सुचेल? ज्याला जॉइन ठाऊक आहे, त्याला.

म्हणून नांदेड-लातूरच्या विद्यार्थी मित्रांनो, आधी हातानं प्रश्न लिहायला शिका. मग सोय खुशाल वापरा; मात्र तिनं काय लिहिलं, ते अधूनमधून वाचत चला. मुनीम ठेवला तरी शेटजींना खातेवही वाचता आलीच पाहिजे.