दारामागचा खण
(मंडळाच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी कपाटावर बोलणार म्हटल्यावर काही जणांच्या चेहऱ्यांवर स्मित उमटले, ते मी पाहिले आहे. विषय लहान आहे हे खरे. परंतु घरातील स्त्रीच्या गुडघ्यांचा आणि कंबरेचा त्याच्याशी नित्य संबंध येतो, म्हणून तो मी निवडला.

जुन्या वाड्यांतील फडताळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ते भिंतीच्या जाडीतच बसवलेले असे. दोन झडपा उघडून हात घातला की बोटे मागच्या भिंतीला टेकत. हरवायला तेथे जागाच नसे. जयपूरच्या परकोट्यातील जुन्या घरांतही भिंतींत असेच कोनाडे दिसतात. हिंदीत त्यांना ‘ताक’ म्हणतात. आपण ताक पितो, येथे ताकात दिवा ठेवतात! या फडताळात सरकता खण नव्हता, कारण त्याची गरज नव्हती. शिवाय गृहिणी चुलीपाशी पाटावर बसे आणि खालची वस्तू तिच्या हाताशीच असे.

पुढे ओटा आला, आणि गृहिणी उभी राहिली. ही सुधारणाच होती, त्याबद्दल वाद नाही. परंतु सुमारे २ फूट खोलीच्या त्या ओट्याखाली जी जागा निर्माण झाली, ती अंधारी आणि दूरची झाली. पुढचे चार डबे काढल्याविना मागचा पाचवा निघत नाही, आणि तोही गुडघे टेकून. वस्तूंकडे माणसाने जाण्याऐवजी वस्तूच माणसाकडे आणावी, हा विचार युरोपातही झाला. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या स्थापत्यविशारद स्त्रीने फ्रांकफुर्टच्या वसाहतींसाठी आखलेल्या स्वयंपाकघरात तांदूळ, साखर इत्यादींसाठी ॲल्युमिनियमचे ओढून काढायचे कप्पे नावांसह बसवले होते.

मग खणांनाच दर्शनी फळ्या लावून मोकळे व्हावे, वर आणखी दार कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर मे-जूनमधील आंधीला विचारावे. चार खण म्हणजे चार फळ्यांभोवतीच्या फटी, आणि प्रत्येक फटीतून बारीक वाळू थेट डाळीत! दार एकच असले तर फट फक्त कडेने राहते आणि आतून पट्टी मारून ती झाकता येते. कुलूपही एकच पुरते.

मात्र दार आले की भूमिती आली. चित्तोडजवळच्या बस्सी गावचे सुतार चित्रांची लाकडी ‘कावड’ घडवतात (आपली पाण्याची कावड नव्हे). तिची दारे एकामागून एक उलगडत जाऊन शेवटी आतले देव दिसतात. बाहेरचे दार पूर्ण बाजूला गेल्याखेरीज आतले पुढे येऊ शकत नाही, हे तेथे गृहीतच असते. आपल्या कपाटात नेमका याचाच विसर पडतो.

दार चौकटीच्या आत बसवून साधी बिजागरी लावली, तर काटकोनात उघडलेल्या झडपेची जाडी चौकटीच्या मोकळ्या जागेतच उभी राहते. झडप पाऊण इंचाची असेल, तर त्या बाजूची पाऊण इंच जागा गेली. खणाच्या लोखंडी चॅनेलसाठी मात्र सुतार अर्धा इंचच सोडतो. उरलेल्या पाव इंचावर खण आदळतो. झडप पूर्ण मागे वळली तर अडचण नाही; परंतु शेजारी भिंत असली की ती काटकोनातच थांबते. वाटीसारख्या छुप्या बिजागऱ्यांतही झडप काटकोनात असताना थोडी आत राहतेच. झडप पार बाजूला नेणाऱ्या बिजागऱ्या निराळ्या मागवाव्या लागतात.

हे ज्ञान मला पुस्तकातून झालेले नाही. आईसाठी मी स्वतः कपाट आखले, तेव्हा येथील वृद्ध खाती चित्र पाहून म्हणाला, “बाबूजी, पल्ला अड़ेगा.” मी त्याला माझी मापे दाखवली आणि गप्प केले. कपाट फार देखणे झाले. दोन वर्षांनी काही शोधताना मी खालचे दोन्ही खण ओढू गेलो, तर ते चार बोटे येऊन अडले. आत काहीच नव्हते. तांदळाचा डबा ओट्याच्या कोपऱ्यात आणि गुळाची ढेप खिडकीत. आईला विचारले, तर म्हणाली, “तू इतक्या हौसेने केलेस, कशाला बोलायचे?” त्या उत्तराने मला जितके शरमिंदे केले, तितके कोणत्याही तक्रारीने केले नसते.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला आहे. प्रथम घरातील सर्वांत मोठा डबा मोजावा. त्यावरून खण, खणावरून कपाट, आणि दार सर्वांत शेवटी. बिजागरीच्या बाजूस चॅनेलमागे अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी द्यावी. दोन झडपा असतील तर ती दोन्हीकडे लागते, आणि एका खणासाठी दोन्ही झडपा उघडाव्या लागतात. हाती पळी असलेल्या बाईला ते जमत नाही. म्हणून दीड फुटापर्यंत एकच झडप बरी. खणाच्या तोंडाला मूठ लावू नये, नाहीतर दार मिटत नाही. बोटांपुरती खाच पुरे. खण भरीव लाकडाचा असेल, तर येथल्या उन्हाळ्यात आकसतो आणि श्रावणात फुगून अडकतो, म्हणून तो प्लायवुडचा करावा. कोकणातून आणलेल्या सागवानी कपाटांच्या फळ्यांत येथे फटी का पडतात, याचे कारणही हवेचा हाच कोरडेपणा.

त्या खात्याला मी पुन्हा बोलावले. त्याने एक शब्दही उणा काढला नाही. दोन्ही खण अर्धा अर्धा इंच अरुंद केले, पट्ट्या ठोकल्या, आणि आईला म्हणाला, “माँजी, अब खींचो.” आईने बसल्या जागेवरून खण पुढे ओढला आणि प्रथम त्यात मेतकुटाचा डबा ठेवला.