औषध एक, वाटा तीन



मुलाचा कान ठणकू लागला म्हणजे औषध कोणते, हे आपण विचारतो. ते कोणत्या वाटेने द्यावयाचे, हे सहसा विचारीत नाही. तथापि गुण केव्हा येणार, हे पुष्कळसे त्या वाटेवरच ठरते. सर्वांच्या परिचयाच्या पॅरासिटामॉलचेच उदाहरण घेऊ.

पहिली वाट तोंडाची. पातळ औषध जठरात फारसे शोषले जात नाही. लहान आतड्यात उतरल्यावर ते रक्तात मिसळते. म्हणून गुण येण्यास अर्धा ते एक तास लागतो. पोट भरलेले असल्यास आणखी विलंब होतो. नवजात बालकाचे जठर तर मुळातच सावकाश रिकामे होते.

दुसरी वाट गुदद्वाराची. मूल सारखे ओकत असेल, तर डॉक्टर सपोझिटरी सुचवितात. ती आत वितळावी लागते. तेथील शोषणाची जागा लहान, त्यात मळाचा अडथळा. रक्तातील औषध ऐन भरास येण्यास बहुधा दोन-तीन तास जातात, आणि प्रत्येक मुलात ते सारखे शोषले जात नाही.

तिसरी वाट शिरेची. येथे शोषणाचा प्रश्नच उरत नाही. पण ती रुग्णालयातच शोभते. काही पालक सुईचाच आग्रह धरतात. वस्तुतः मुलांच्या दीर्घकालीन वेदनांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली तोंडाची वाटच श्रेयस्कर मानली व स्नायूत सुई टोचणे टाळावे, असे सांगितले.

खरा धोका दुसऱ्या वाटेवर आहे. आमच्या चामटोलीसारख्या गावी रात्री सपोझिटरी दिली. तासाभराने मूल रडतेच आहे, म्हणून आजीने मायेने चमचाभर सिरप पाजले. वाटा दोन झाल्या, औषध मात्र एकच. मात्रा दुप्पट झाली. अशी चूक वारंवार घडल्यास यकृतास गंभीर इजा होते.

तोंडावाटे मात्रा सामान्यतः दर किलो वजनास १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन मात्रांत निदान चार ते सहा तास, आणि दिवसात चारांहून अधिक नाहीत. सिरपच्या ५ मिलिलिटरांत कोठे १२०, कोठे २५० मिलिग्रॅम औषध असते. ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरातच १००. तेव्हा चमचा नव्हे, मिलिग्रॅम मोजावे. तान्ह्या बाळास तर डॉक्टरांना विचारल्यावाचून काहीच देऊ नये.

औषधाच्या बाटलीजवळ एक कागद ठेवावा व त्यावर वेळ, वाट आणि मात्रा लिहावी. पुढचा चमचा भरण्यापूर्वी तो कागद सर्वांनी वाचावा, इतकीच विनंती करून आपली रजा घेतो.