सुरू न होणारी करवत



बेळगावहून नैऋत्येस चोर्ल्याच्या वाटेने निघाले म्हणजे मोकळे माळ हळूहळू मागे पडतात आणि जांबोटीच्या आसपास खरे रान सुरू होते. पुढे कणकुंबी लागते. तेथे मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे दूरचा प्रवास करून कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. हाच रस्ता पुढे घाट उतरून गोव्यात जातो. या टापूत पावसाळा म्हणजे चार महिन्यांचा मुक्काम. मुरलेल्या पाण्याने माती सैल झाली, वर वारा सुटला, की उभे झाड मुळासकट उलथते आणि रस्त्यावर आडवे पडते. अशा वेळी अलीकडे बाळंतीण असेल, पलीकडे शहरातले इस्पितळ असेल, आणि मध्ये दोन पुरुष उंचीचे खोड. गावात पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत असते. कोणी तिला चेनसॉ म्हणतो, कोणी नुसते कटर. ती आणली जाते, दोरी ओढली जाते, पुन्हा ओढली जाते, आणि यंत्र हूं की चूं करीत नाही. ओढणाऱ्याचा खांदा दुखू लागतो, भोवतीची मंडळी सल्ले देऊ लागतात, आणि वेळ निघून जातो. या घटकेला काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीत १९२७ साली एमिल लेर्प यांनी थुरिंगिया प्रांतातील डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलच्या करवतीची चाचणी घेतली, आणि १९२९ साली आंद्रेआस श्टील यांनी आपली पेट्रोलवरची करवत बाजारात आणली. ती यंत्रे दोन माणसांनी मिळून उचलावी लागत. आज आपण पाहतो त्या साखळीचे श्रेय मात्र अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतातल्या जोसेफ कॉक्स यांना जाते. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी आपल्या वाकड्या जबड्यांनी डावीउजवीकडे कशी कुरतडत जाते, हे त्यांनी निरखले आणि त्याच धर्तीवर साखळीचे दात घडवले. ही साखळी १९४७ पासून विकली जाऊ लागली. म्हणजे दात अळीकडून आले. प्राण मात्र एका लहानशा दोन फेऱ्यांच्या, टू-स्ट्रोक इंजिनाचा.

या इंजिनाला सुरू होण्यास चारच गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा, ठिणगी आणि दाब. चारही असतील तर ते सुरू झालेच पाहिजे. होत नसेल तर चारांपैकी एक तरी गैरहजर आहे. हे सूत्र ज्याने मनाशी धरले तो अंदाजाने स्क्रू पिळीत बसत नाही. वैद्य जसा आधी नाडी पाहतो आणि मग मात्रा काढतो, तसे येथे आधी पाहावे, मग हात घालावा. पाहण्याचा क्रमही ठरलेला असावा : बिनखर्चाचे आधी, खर्चाचे नंतर.

सर्वांत आधी बटण पाहा. बंद करण्याचे बटण बंदवरच राहिलेले असते आणि दहा माणसे दोरी ओढून थकतात, ही गोष्ट हसण्यासारखी वाटली तरी नित्याची आहे. मग टाकी पाहा. या करवतीला टाक्या दोन असतात, एक पेट्रोलची आणि एक साखळीला लागणाऱ्या तेलाची. घाईत एकीचे दुसरीत पडते. तसे झाले असेल तर पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करून नव्या मिश्रणाने विसळून घेण्याखेरीज इलाज नाही. त्यानंतर साखळीचा ब्रेक लावा, यंत्र जमिनीवर सपाट ठेवा, मागच्या मुठीवर पाय रोवा आणि मगच दोरीला हात घाला. यंत्र एका हातात लोंबकळत धरून दुसऱ्या हाताने दोरी झटकण्याची पद्धत पुष्कळांना मर्दुमकीची वाटते. ती मांडीला आणि पोटाला धोक्याची आहे.

थंड यंत्राला चोक लावावा लागतो. चोक म्हणजे हवा कमी करून पेट्रोल अधिक देणारी झडप. चोक लावून दोरी ओढली की चारसहा ओढींत इंजिन एकदा भुक् असा आवाज करते आणि गप्प होते. हा आवाज म्हणजे त्याचा होकार. येथेच चोक काढला पाहिजे. तो न काढता ओढतच राहिले तर आत पेट्रोल साचते, प्लग भिजतो, आणि सुरू होण्याच्या बेतात असलेले यंत्र पूर्ण बंद पडते. आपले मेस्त्री याला ‘ओव्हर झाली’ म्हणतात.

ओव्हर झालेल्या करवतीची खूण सोपी आहे. पेट्रोलचा उग्र वास येतो आणि प्लग काढून पाहिला तर तो ओला निघतो. प्लग कोरड्या फडक्याने पुसा. बटण बंद ठेवून, प्लगचे भोक माणसांपासून दूर फिरवून, दोरी आठदहा वेळा ओढा म्हणजे साचलेले पेट्रोल बाहेर फेकले जाईल. मग थोडा वेळ थांबा. विडी ओढणाऱ्याला त्या वेळी लांब बसवा. नंतर प्लग बसवून, चोक न लावता, वेगाचा खटका दाबून ओढा. पुष्कळदा येथेच काम होते.

प्लग उलट कोरडा ठणठणीत निघाला तर पेट्रोल वरपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. आता पेट्रोलचा विचार करू, कारण आपल्या भागात खरी मेख येथे आहे. या इंजिनाला निव्वळ पेट्रोल चालत नाही, त्यात टू-स्ट्रोकचे तेल मिसळावे लागते. बहुतेक नव्या यंत्रांना ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर लागते. काहींना २५ ला १, म्हणजे ४० मिलिलिटर. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत जे लिहिले असेल ते प्रमाण. दुसऱ्या भरवशाची गोष्ट म्हणजे ताजेपणा. पेट्रोल शिळे होते. महिनाभर डब्यात पडलेले मिश्रण थंड यंत्र पेटवण्यास नालायक ठरू लागते.

आता त्यात आणखी एक भर पडली आहे. २०२५ साली आपल्या देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. हे इथेनॉल उसापासून आणि धान्यापासून होते, आणि बेळगाव जिल्हा तर उसाचाच जिल्हा. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात लाभ आहे. परंतु इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. जांबोटीच्या पावसाळ्यात, जेथे पेटीतले कपडेही दमट लागतात, अर्ध्या रिकाम्या डब्यातले पेट्रोल कसे टिकावे? ओलावा मर्यादेबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि तेल वरच्या पेट्रोलातच राहते. टाकीतली नळी नेमकी तळाशी असते. ती इंजिनाला पाणी पाजते. म्हणून शंका आली की टाकीतले थोडे मिश्रण काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर तो सगळा माल बाजूला काढावा. तो विहिरीजवळ किंवा ओहोळात ओतू नये, हे मलप्रभेच्या उगमाशी राहणाऱ्यांना निराळे सांगायला नको.

पेट्रोल चांगले असूनही वर येत नसेल तर टाकीतल्या नळीच्या टोकाला असलेला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढून पाहावा. तो काळा व चिकट झाला असेल तर बदलावा. नळीला चीर गेली आहे का तेही पाहावे. टाकीला हवा घेण्याचे बारीक छिद्र भुशाने बुजले तरी पेट्रोल अडते. झाकण किंचित सैल केल्यावर यंत्र चालू लागले तर दोष तेथे आहे. त्यासोबत हवेचा फिल्टरही काढून झटकावा. ओल्या लाकडाचा बारीक भुसा त्यावर लिंपल्यासारखा बसतो.

पेट्रोल आणि हवा निर्दोष असतील तर ठिणगी. प्लगच्या दोन टोकांतली फट बहुतेक यंत्रांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्यावर काजळी असेल तर ती घासून काढावी. ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला टेकवतात आणि बटण चालू करून दोरी ओढतात. हे करताना सांडलेले पेट्रोल पुसून टाकावे आणि प्लग त्याच्या भोकापासून दूर धरावा, नाहीतर ठिणगी दिसेल पण तिच्या मागोमाग जाळही दिसेल. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग लावून पाहावा, कारण तो स्वस्त आहे. नव्या प्लगनेही करंट आला नाही तर बटणाची तार किंवा कॉइल; ते काम मेस्त्रीचे.

उरला दाब. दोरी ओढताना हाताला अटकाव जाणवला पाहिजे. ती विहिरीच्या रिकाम्या दोरासारखी सहज येत असेल तर आतला पिस्टन किंवा त्याची कडी झिजली असावी. सायलेन्सर काढून त्या वाटेने आत पाहिले की पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात. तेल न घालता यंत्र चालवल्याची ही शिक्षा. तिच्यावर रस्त्यात उपाय नाही. सायलेन्सर उघडलाच आहे तर त्यातली बारीक जाळी काजळीने बुजली नाही ना, तेवढे पाहून घ्यावे. कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना मात्र शेवटपर्यंत हात लावू नये. तेथे अज्ञानाने दिलेला अर्धा वेढा पुढे मोठा खर्च होऊन उभा राहतो.

यंत्र सुरू झाले म्हणजे जोखीम संपली असे नाही. ती तेथून सुरू होते. पडलेल्या झाडाखाली विजेची तार असेल तर हेस्कॉमची मंडळी प्रवाह बंद केल्याचे सांगेपर्यंत खोडाला स्पर्श करू नये. वाकून ताणलेली फांदी कापताच धनुष्यासारखी सुटते, म्हणून तिच्या रोखाने उभे राहू नये. आणि उभे झाड तोडणे ही निराळी बाब आहे. कर्नाटकात त्यासाठी १९७६ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, आणि शेजारीच २०११ पासूनचे भीमगड अभयारण्य आहे. वाट मोकळी करणारी करवत आणि रान मोकळे करणारी करवत एकाच दुकानात मिळते. फरक ती धरणाऱ्या हातात असतो.

एक व्यावहारिक सूचना करतो. बहुतेक गावांत ही करवत चालवणारा माणूस एकच असतो. तो कामासाठी गोव्याला किंवा बेळगावला गेला की यंत्र असून नसल्यासारखे होते. तेव्हा वाडीतल्या तिघांनी तरी हा क्रम शिकून घ्यावा. मिरगाच्या आधी एक दिवस ठरवून नवे मिश्रण, नवा प्लग आणि प्लगचा पाना एका डब्यात ठेवावा, आणि करवत सर्वांसमक्ष सुरू करून पाहावी. पाऊस सरल्यावर खंडेनवमीला आपण कोयते, कुऱ्हाडी, नांगर पुसून त्यांची पूजा करतो. त्याच ओळीत ही करवतही मांडावी, पण कुंकू लावण्यापूर्वी तिची टाकी रिकामी करावी, उरलेले पेट्रोल संपेपर्यंत तिला चालू द्यावे, आणि फिल्टर धुऊन वाळवावा. यंत्राची खरी पूजा तीच.

आणि कुऱ्हाड व दोघांची आडवी करवत विकून टाकू नका. त्यांना ना पेट्रोल लागते ना ठिणगी. सगळे उपाय थकले, तर रात्री रस्त्यावर अडकलेल्या गाडीला त्याच वाट करून देतील.